पुडी, ऊन आणि ताट : ड जीवनसत्त्व आणि प्रतिकारशक्तीची खरी गोष्ट

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात आम्ही आरोग्य तपासणी ठेवली होती. रक्तदाब मोजायची माझी रांग संपत आली तेव्हा एक मावशी पुढे आल्या. घरकाम करणाऱ्या, पन्नाशीतल्या. दंडाला पट्टा बांधून घेण्याऐवजी त्यांनी पिशवीतून रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"सिस्टर, पोराला ताकद यावी म्हणून या देते. पण तो तर दिवसेंदिवस खंगत चाललाय. काही खाल्लं की उलटी. टीबीच्या गोळ्या सोसत नाहीत त्याला. चार दिवस झाले, बंद केल्यात."

मुलाचं वय बावीस. फुफ्फुसाचा टीबी, उपचाराचा तिसरा महिना. मी पुडी हातात घेतली. साठ हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. मावशी रोज एक देत होत्या, जवळजवळ सहा आठवडे. कुणीतरी सांगितलं होतं, 'डी कमी असलं की टीबी बरा होत नाही, डी वाढवा.' किती वाढवायचं आणि किती दिवसांनी थांबायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मुलाला सरकारी रुग्णालयात नेलं. रक्तातलं कॅल्शियम फार वाढलेलं निघालं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, डोकं जड हे सगळं त्याचंच. सलाईन लागलं, पुड्या बंद झाल्या. यकृताची तपासणी ठीक आली. डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. म्हणजे ज्या गोळ्या त्याला वाचवणार होत्या त्याच घरच्यांनी बंद केल्या होत्या, आणि ज्या पुडीने त्रास होत होता तीच ताकदीची म्हणून चालू होती.

जीएनएमचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षे वॉर्डात काढली. चुकीचं औषध घेऊन आजारी पडलेली माणसं पुष्कळ पाहिली. पण हा प्रसंग मनातून जात नाही, कारण त्या माऊलीचा हेतू वाईट नव्हता आणि ड जीवनसत्त्वाबद्दल तिने ऐकलेलं अगदी खोटंही नव्हतं. ते अर्धवट खरं होतं. म्हणून या वेळी या पानावर ड जीवनसत्त्व आणि आपली प्रतिकारशक्ती यांचं नातं नीट उलगडून पाहू. त्यात टीबीचंच उदाहरण घेऊ, कारण हा आजार आपल्या गल्लीत आहे आणि ड जीवनसत्त्वाचा अभ्यासही या आजारात झालेला आहे.

ड जीवनसत्त्व येतं कुठून?

बाकीची जीवनसत्त्वं आपल्याला अन्नातून मिळवावी लागतात. ड जीवनसत्त्व वेगळं आहे. उन्हातले अतिनील 'ब' किरण कातडीवर पडले की कातडीतल्या एका चरबीसारख्या पदार्थापासून ते तयार होतं. मग ते यकृतात जातं. तिथे त्याचं जे रूप बनतं तेच रक्ततपासणीत मोजतात. पुढे मूत्रपिंडात ते कामाला लागणाऱ्या रूपात बदलतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला आणि हाडं घट्ट ठेवायला हे रूप लागतं. ते कमी पडलं तर लहान मुलांना मुडदूस होतो, म्हणजे पायाची हाडं वाकतात. मोठ्यांची हाडं मऊ पडतात; कंबर, मांड्या, नडग्या ठणकतात, जिना चढताना मांडीत जोर राहत नाही.

ही गोष्ट जगाला समजायला आपल्या नाशिकचाही हातभार लागला आहे. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागातला मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते त्या काळच्या समजुतीच्या उलट होतं. रोज उन्हात राबणाऱ्या गरीब घरांत अन्न निकृष्ट असूनही मुडदूस फारसा नव्हता. पडद्यात, बंद वाड्यात राहणाऱ्या खात्यापित्या घरांतल्या बायकामुलांत मात्र तो होता. कमी होतं ते ऊन.

आज शंभर वर्षांनी चित्र पालटलं आहे. शेतात राबणाऱ्या आजीची नात आता गारमेंटच्या गाळ्यात ट्यूबलाइटखाली शिवणयंत्रावर बसते. मुलगा रात्रपाळीचा वॉचमन, दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपतो. घरकाम करणारी बाई उजाडायच्या आत निघते, दुसऱ्यांच्या घरात दिवस काढते आणि अंधार पडल्यावर परतते. ऊन फुकट आहे असं आपण म्हणतो. पण दुपारी अर्धा तास उन्हात उभं राहायला ज्याला सवड आणि जागा आहे त्यालाच ते फुकट आहे.

प्रतिकारशक्तीशी काय संबंध?

प्रतिकारशक्ती म्हणजे शरीरात कुठेतरी भरून ठेवलेली ताकद नव्हे. ते अनेक पेशींचं एकत्र काम आहे. त्यातल्या काहींना भक्षक पेशी म्हणतात. फुफ्फुसात शिरलेल्या जंतूला या गिळतात. टीबीचा जंतू मात्र चिवट. गिळल्यावरही तो पेशीच्या आत जिवंत राहू शकतो.

२००६ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक महत्त्वाचं संशोधन मांडलं. भक्षक पेशीला टीबीच्या जंतूची चाहूल लागली की ती रक्तातलं ड जीवनसत्त्व आत घेते आणि मूत्रपिंडाची वाट न पाहता स्वतःच त्याला कामाचं रूप देते. त्या इशाऱ्यावर पेशीत कॅथेलिसिडिन नावाचं एक छोटं प्रथिन तयार होतं. हे प्रथिन जंतूच्या आवरणाला भोकं पाडतं. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांच्या रक्तद्रवात वाढवलेल्या पेशींना हे प्रथिन नीट बनवता आलं नाही. वरून ड जीवनसत्त्व घातल्यावर बनवता आलं.

दुसरं काम आवर घालण्याचं. जंतूशी लढताना पेशी जो दाह निर्माण करतात तो फार वाढला तर आपल्याच शरीराचं नुकसान होतं. ड जीवनसत्त्व या दाहाला लगाम घालायला मदत करतं. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली की आमवात, सोरायसिस, थायरॉइडचे काही विकार होतात. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या २५,८७१ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यात निम्म्यांना पाच वर्षांहून थोडा जास्त काळ रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. २०२२ साली निष्कर्ष आला की ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत असे आजार २२ टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा ड जीवनसत्त्वाचा प्रतिकारशक्तीशी संबंध आहे, हे खरं. मावशींनी ऐकलं होतं ते इथपर्यंत बरोबर होतं. प्रश्न पुढचा आहे. पेशीला ड जीवनसत्त्व लागतं, म्हणून पुडी घेतली की टीबी टळतो का? किंवा लवकर बरा होतो का?

ऊन, कॉडलिव्हर तेल आणि टीबी

ही आशा जुनी आहे. टीबीवर औषध नव्हतं त्या काळात, १८४९ साली, लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातले डॉक्टर रोग्यांना कॉडलिव्हर तेल देत होते. हे माशाच्या यकृताचं तेल, ड जीवनसत्त्वाने भरलेलं. पण तेव्हा ड जीवनसत्त्व कुणाला माहीत नव्हतं. १९०३ साली डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना कातडीच्या टीबीवर प्रकाशाने केलेल्या उपचाराबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टर रोलिये टीबीच्या रोग्यांना डोंगरावरच्या उन्हात झोपवत. आपल्याकडेही मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामं उभी राहिली. मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस जेवण हाच तेव्हा उपचार होता.

मग औषधं आली. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, १९५२ साली आयसोनियाझिड. तेव्हा भारतासारख्या देशापुढे प्रश्न उभा राहिला की लाखो रोग्यांना आरोग्यधामात खाटा कुठून आणायच्या? याचं उत्तर मद्रासमध्ये मिळालं. तिथे १९३ रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरीच ठेवून वर्षभर तीच औषधं दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तेवढेच बरे झाले होते. या अभ्यासाने जगभरची टीबी उपचाराची पद्धत बदलली.

यातला धडा प्रत्येक टीबीच्या घराने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. टीबी बरा होतो तो पूर्ण मुदत घेतलेल्या औषधांनी. ऊन, हवा, जेवण, जीवनसत्त्वं ही त्याच्या जोडीला. त्याच्या जागी नव्हेत.

प्रयोगांनी काय सांगितलं?

प्रयोगशाळेतल्या पेशीत जे दिसतं ते माणसात होतंच असं नाही. म्हणून माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग करावे लागतात. ड जीवनसत्त्वाचे असे प्रयोग झाले आहेत.

मंगोलियाची राजधानी उलानबातर इथे हिवाळा लांब, ऊन कमी आणि टीबी भरपूर. तिथे सहा ते तेरा वर्षांच्या ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना दर आठवड्याला १४,००० युनिट ड जीवनसत्त्व, निम्म्यांना नुसती गोळी. सुरुवातीला जवळजवळ सगळ्याच मुलांत ड जीवनसत्त्व कमी होतं. गोळी घेणाऱ्यांच्या रक्तात ते व्यवस्थित वाढलंही. पण २०२० साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत टीबीची लागण जवळजवळ सारखीच निघाली, ३.६ आणि ३.३ टक्के. टीबीचा आजार झालेली मुलं एका गटात २१, दुसऱ्यात २५. हा फरक धरण्याजोगा नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या शाळकरी मुलांतही पुढे असाच निकाल आला.

टीबी झालेल्यांचं काय? भारतातच झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टीबीच्या औषधांबरोबर ड जीवनसत्त्वाचे एक लाख युनिटचे चार डोस दिले. थुंकीतले जंतू त्यामुळे लवकर गेले नाहीत.

साध्या सर्दी-खोकल्याचं? २०१७ साली २५ प्रयोगांतल्या सुमारे अकरा हजार लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा श्वसनाचे संसर्ग थोडे कमी झालेले दिसले. ज्यांच्यात कमतरता फार होती आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला थोडी थोडी मात्रा घेतली त्यांना जास्त फायदा झाला होता. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना फायदा दिसला नाही. नंतर आणखी मोठे प्रयोग त्यात मिळवल्यावर हा फायदाही इतका लहान झाला की तो आहेच असं ठामपणे म्हणता येत नाही. कोविडच्या वेळी ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यांना एकदम दोन लाख युनिट देऊन पाहिले. रुग्णालयातले दिवस कमी झाले नाहीत.

म्हणजे अर्थ असा. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढावी. पण गरज भरल्यावर आणखी ओतत राहिल्याने प्रतिकारशक्ती वाढत जात नाही. भाजीत मीठ नसेल तर घालावं लागतं. म्हणून मूठभर घातल्याने भाजी जास्त चांगली होत नाही.

कुणाला खरंच गरज आहे?

प्रत्येकाने रक्त तपासायला धावण्याची गरज नाही. खासगी प्रयोगशाळेत ही तपासणी महाग पडते. काही त्रास नसलेल्या निरोगी माणसाने ती उगाच करू नये, असंच तज्ज्ञांच्या नव्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रिपोर्टमध्ये २०च्या वर आकडा असेल तर हाडांच्या दृष्टीने बहुतेकांना तो पुरेसा असतो. कागदावर ३०च्या खाली लाल अक्षर दिसलं म्हणून घाबरू नका.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना जरूर विचारावं.

अंगावर पिणारं बाळ : आईच्या दुधात बाकी सगळं असतं, ड जीवनसत्त्व मात्र फार थोडं. बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. बाटलीबरोबरच्या मापानेच द्यायचे, अंदाजाने नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई : तिच्यात कमी असेल तर बाळातही कमी असतं.

घराबाहेर न पडणारे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले रोगी, रात्रपाळीचे कामगार, अंग पूर्ण झाकून वावरणाऱ्या बायका.

सतत हाडं ठणकणं, मांडीत जोर नसणं, मुलाचे पाय वाकणं, दात उशिरा येणं : ही लक्षणं असतील तर तपासणी हवीच.

मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले, फिटच्या काही गोळ्या घेणारे.

ऊन कसं घ्यावं?

आपल्याकडे बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायची पद्धत आहे. ऊब मिळते, बरं वाटतं. पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण तेव्हा फार थोडे असतात. सोपी खूण अशी : उन्हात उभं राहिल्यावर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तर त्या उन्हात ड जीवनसत्त्व बनतं. साधारण दहा-अकरापासून तीनपर्यंत. चेहरा, हात, दंड, पोटऱ्या उघड्या ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. आपली सावळी-काळी कातडी उन्हापासून उत्तम राखण करते, म्हणून तिला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात कमीपणा काही नाही. कातडी भाजेपर्यंत मात्र थांबायचं नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात तान्ह्या बाळाला न्यायचं नाही.

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व बनत नाही; काच ते किरण अडवते. तरीही घरात येणारं ऊन वाया जात नाही. टीबीचे जंतू अंधाऱ्या, कोंदट खोलीत तासन्‌तास हवेत राहतात. वाहती हवा त्यांना बाहेर काढते आणि थेट ऊन त्यांना मारतं. मुंबईत गोवंडी भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८च्या सुमारास झाला. ज्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि ज्यांच्या खालच्या मजल्यांवर उजेड-वारा पोचत नव्हता, तिथे टीबीची घरं जास्त निघाली. दोन इमारतींत किती अंतर सोडायचं हे नकाशावर ठरतं. त्याचा हिशेब पुढे फुफ्फुसात होतो. म्हणून पुनर्विकासाच्या सभेत खोली किती फुटांची एवढंच विचारू नका. खिडकी कुठे उघडते, समोर भिंत किती अंतरावर आहे, गच्ची रहिवाशांना खुली राहणार का, हेही विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. गच्चीला कुलूप असेल तर बायका आणि म्हाताऱ्यांसाठी दुपारी तासभर उघडायला लावा. त्याला पैसा लागत नाही.

ताटात काय?

मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिटची गरज धरली आहे. एका अंड्यात सुमारे ४० युनिट असतात, तेही पिवळ्या बलकात. तारली, बांगडा यांसारख्या तेलकट माशांत त्याहून बरंच जास्त. कलेजीत थोडं. दूध-तेलाच्या पिशवीवर निळ्या रंगात अधिक चिन्ह आणि 'एफ' असं चिन्ह असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. फक्त अन्नातून पूर्ण गरज भागत नाही, म्हणून ऊन हवंच. पण अंडी आणि मासळी यांचं मोल ड जीवनसत्त्वापुरतं नाही. त्यातलं प्रथिन टीबीच्या घरात त्याहून मोलाचं आहे. कसं, ते पुढे पाहू.

पुडीबद्दल पाच गोष्टी

एक. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल हे औषध आहे, टॉनिक नाही. कमतरता असेल तर डॉक्टर साधारण आठवड्याला एक, अशी सहा ते आठ आठवडे देतात. मग थांबवतात किंवा मात्रा कमी करतात.

दोन. चिठ्ठीवरचं 'आठवड्यातून एकदा' हे दुकानात पुन्हा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वार ठरवा. 'फक्त रविवारी' असं पुडीवर लिहून घ्या.

तीन. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. त्यामुळे विषबाधेचा त्रास पुडी थांबवल्यावरही आठवडे-महिने राहू शकतो.

चार. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, फार तहान, फार लघवी, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं दिसली तर पुडी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दाखवताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि ताकदीच्या पावडरीतही ड जीवनसत्त्व असतं, ते मोजलं जात नाही.

पाच. टीबीच्या रोग्याने जास्तच सावध राहावं. त्याच्या भक्षक पेशी स्वतःच ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देत असतात, हे आपण वर पाहिलं. त्यामुळे काही रोग्यांत आधीच कॅल्शियम वाढलेलं असतं. त्यात बाहेरून मोठा डोस म्हणजे आगीत तेल. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी नाही, इंजेक्शन तर नाहीच.

टीबीच्या घरात पैसा कशावर खर्च करावा?

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात 'रेशन्स' नावाचा प्रयोग झाला. टीबीच्या २,८०० रोग्यांच्या घरांतली १०,३४५ माणसं त्यात होती. सगळ्या रोग्यांना शिधा मिळाला. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि रोजच्या जीवनसत्त्व-खनिजांची साधी गोळी दिली. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. ज्या घरांना हे मिळालं तिथे टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. थुंकीत जंतू सापडणारा, पसरणारा टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी. आणि रोग्याचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं तर त्याच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता.

हा निकाल मंगोलियाच्या निकालाशेजारी ठेवून वाचा. एकटं ड जीवनसत्त्व भरपूर देऊन टीबी टळला नाही. तांदूळ, डाळ आणि साध्या मात्रेतली सगळी जीवनसत्त्वं मिळाली तिथे तो टळला. भुकेलं शरीर जंतूशी लढू शकत नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशी प्रथिनांनी बनतात आणि प्रथिन पुडीत नसतं.

म्हणून टीबीच्या घराने हे करावं :

औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, ती एक दिवसही न चुकवता पूर्ण मुदत घ्यावीत. उलटी झाली, डोळे पिवळे झाले, नजर अंधूक झाली तर मनाने बंद न करता त्याच दिवशी केंद्रात किंवा आशाताईंना सांगावं.

निक्षय पोषण योजनेचे पैसे मागून घ्यावेत. २०१८ साली महिना ५०० रुपयांपासून सुरू झालेली ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये आहे, उपचार संपेपर्यंत. बँक खातं जोडलं आहे का ते पहिल्याच आठवड्यात पाहावं. पैसे अडले तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारावं.

हे पैसे डाळ, शेंगदाणे, चणे, अंडी, दूध, मासळी यांवर खर्च करावेत. ताकदीच्या महागड्या डब्यावर नको.

दर महिन्याला रोग्याचं वजन करून वहीत लिहावं. वजन वाढत नसेल तर केंद्रात दाखवावं. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची टीबीची तपासणी करून घ्यावी.

आमच्या तपासणीला आलेल्या मावशींनी पुड्यांवर किती पैसे घातले त्याचा हिशेब आम्ही दोघींनी नंतर बसून केला. त्या पैशांत त्यांच्या मुलाला रोज दोन अंडी आली असती, दोन महिन्यांहून जास्त. हिशेब झाल्यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, मला कुणी आधी असं सांगितलंच नाही."

मुलाचे औषधांचे महिने पूर्ण झाले. शेवटच्या तपासणीत थुंकीत जंतू नव्हते. वजन सात किलो वाढलं होतं. दुपारी तो गच्चीवर बसून मोबाइल पाहतो असं मावशी कुरकुरत सांगतात. बसू दे म्हटलं. सावली लहान असेल त्या वेळी बसू दे.

या महिन्यात एवढं करा. घरात साठ हजारची पुडी आहे का ते पाहा आणि असेल तर कुणाच्या चिठ्ठीने, कधीपासून, किती दिवसांनी एकदा घेतली जाते ते विचारा. शेजारच्या टीबीच्या घरी निक्षयचे पैसे येतात का, तेही विचारा. पुडीबद्दल शंका असेल तर पुढच्या तपासणीला ती घेऊन या. रिकाम्या पुड्याही चालतील.